जगद्दल आणि दगड

मोटारीच्या आरंभीच्या काळात गाडी हाकणारा हाच पुष्कळदा तिचा मिस्त्रीही असे. तो काळ मला ऋत्विक घटकांच्या ‘अजांत्रिक’ (१९५८) या बंगाली चित्रपटात जिवंत भेटला. सुबोध घोषांच्या कथेवर तो बेतलेला आहे. बिमल टॅक्सीवाला, आणि त्याची १९२० ची शेव्हरोले ‘जगद्दल’. रेडिएटरमध्ये पाणी ओतले की ती घटाघट पिते. यंत्राला माणूस बनवण्याची ही सोपी युक्ती वाटली असती; परंतु बिमलचे हात सतत तिच्यासाठी राबताना दिसतात, म्हणून ही माया खोटी वाटत नाही.

पदरचे पैसे ओतून तो तिला नीट करतो, आणि मग ताकद पारखायला तिच्यात दगड भरतो. गाडी खचते. हा प्रसंग कुणाला ओढून आणलेला वाटेल. मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो. दुरुस्ती म्हणजे वय मान्य करून सांभाळणे. बिमलला तारुण्यच परत हवे होते!

अखेर जगद्दल भंगारात जाते. उरतो फक्त भोंगा. एक लहान मूल तो वाजवते, आणि बिमल हसतो. घरातल्या थकल्या माणसांवर आपण कोणते दगड लादतो, हे या दिवाळीत एकदा मनाशी विचारावे.