'वेटिंग' : एका हास्यपटातील दोन भाषा

रॉब मॅककिट्रिक या लेखक-दिग्दर्शकाचा 'वेटिंग' (२००५) हा अमेरिकन हास्यपट अभिरुचिसंपन्न कृतींत मोडत नाही. तसा त्याचा दावाही नाही. 'शेनॅनिगन्स' नामक उपाहारगृहातील एक दिवस, तेथील नोकरांचा मेळा आणि त्यांच्या तोंडची अखंड शिवीगाळ, एवढीच त्याची सामग्री. अशा चित्रपटाची चर्चा येथे कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु मॅककिट्रिक यांनी स्वतः वाढप्याचे काम केलेले आहे, आणि या भाषेस त्यांनी दिलेला कान असाधारण आहे.

नाओमी ही वेट्रेस पाहावी. भटारखान्यात ती गिऱ्हाइकांचा अर्वाच्य उद्धार करीत असते. भोजनकक्षात पाऊल टाकताच तिचा स्वर, वाक्यरचना, चेहरा, सारेच मधाळ होते. परतताच शिवी जेथे तुटली होती तेथून पुढे चालू! ऑर्वेल यांनी १९३३ साली पॅरिसमधील हॉटेलांच्या वर्णनात वाढप्याचे दारापाशी होणारे हे रूपांतर टिपले होते, आणि गॉफमन यांनी १९५९ च्या ग्रंथात शेटलंड बेटांवरील एका हॉटेलाच्या निरीक्षणातून दर्शनी व पिछाडीच्या क्षेत्रांचा भेद मांडला. हा भेद विद्यार्थ्यांस समजावून देण्यास नाओमीइतके सुटसुटीत उदाहरण प्रस्तुत लेखकास अन्यत्र आढळलेले नाही.

तथापि हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. बक्षिसीवर काम करणाऱ्या नोकरास मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन अमेरिकन संघराज्याच्या कायद्याने १९९१ पासून ताशी अवघे २.१३ डॉलर ठरविलेले आहे. कित्येक राज्यांनी ते वाढविले हे खरे. पण जेथे वाढविले नाही तेथे उरलेली मजुरी गिऱ्हाइकाच्या मर्जीतून यावयाची. म्हणजे भोजनकक्षातील आदरार्थी भाषा हा मजुरीचाच भाग होय, आणि भटारखान्यातील शिवी ही त्या विकलेल्या सौजन्याची फेड होय. चित्रपट हे कोठेही सांगत नाही, ऐकवितो. पदार्थ परत पाठविणाऱ्या बाईच्या ताटात जे मिसळले जाते, ते किळसवाणे असले तरी याच हिशेबातले आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने अश्लीलता व ग्राम्यता यांची गणना दोषांत केली. परंतु वक्त्याच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, हे मम्मटाने मान्य केलेच आहे. त्या कसोटीवर या पात्रांची भाषा बव्हंशी उतरते. उतरत नाही तो त्यांचा खेळ. गुप्तांग दाखवून सहकाऱ्यास फसवावयाचे, आणि जो पाहील त्यास समलिंगी म्हणून हिणवीत लाथ घालावयाची! येथे दिग्दर्शकाने भाषा ऐकणे सोडून तिच्यात सामील होणे पत्करले आहे. दुबळ्यांच्या बोलीतही आणखी दुबळ्यासाठी शिवी राखून ठेवलेली असते, हे निरीक्षण हाताशी असताना त्याचा केवळ चुटका व्हावा, हे खेदजनक आहे.

याउलट मिच या उमेदवाराची योजना चतुर आहे. पहिल्याच दिवसाचा हा नोकर बोलावयास तोंड उघडतो तोच कोणीतरी त्याचे वाक्य तोडतो. समूहाची बोली न येणाऱ्यास समूहात बोलण्याची पाळीच मिळत नाही, हे यापेक्षा स्वस्तात दाखविता येणार नाही. अखेरीस रात्रीच्या मेजवानीत तो साठलेले सारे ओकतो. ते भाषण सर्वांची हजेरी घेणारे आहे; पण शब्द त्यांचेच, आणि म्हणूनच ते आनंदाने ऐकले जाते. निषेध करता करता तो त्यांच्यात दाखल होतो.

चित्रपटाचे नाव मराठीत आणणे कठीण. त्या इंग्रजी शब्दात पानावर वाढणे आणि वाट पाहणे हे दोन्ही अर्थ नांदतात. डीन हा तरुण चार वर्षे वाढतो आहे आणि वाटही पाहतो आहे. सोबतचा शाळकरी मित्र तोवर पदवीधर झाला. तोच मित्र एका टेबलावर येऊन बसतो आणि जाताना भरघोस बक्षिसी ठेवतो, तेव्हा डीनला कोणत्याच भाषेत उत्तर सुचत नाही. भटारखान्याची शिवी मित्रास देता येत नाही, आणि भोजनकक्षातील आभार आता खोटे वाटतात. व्यवस्थापकाने देऊ केलेली बढती तो पुढे नाकारतो, त्याचे खरे कारण या काही क्षणांच्या अबोल्यात आहे.