‘७० टक्के जनुकांचं’ म्हणजे नेमकं काय? : ‘ब्लूप्रिंट’ वाचताना

‘खाण तशी माती’ असं आपण सहज म्हणून जातो. रॉबर्ट प्लोमिन यांचं ‘ब्लूप्रिंट’ (२०१८) हे पुस्तक जवळपास हेच म्हणतं, फक्त आकड्यांसकट. माणसामाणसांतल्या मानसिक फरकांपैकी साधारण निम्मा फरक डीएनएतल्या फरकांमुळे असतो; आईवडील आणि शाळा महत्त्वाच्या असल्या तरी मुलं कशी घडतात यात त्यांच्यामुळे फारसा फरक पडत नाही, असा त्यांचा दावा आहे.

आधी चांगलं सांगते. जुळ्या आणि दत्तक मुलांचे अभ्यास कसे चालतात, हे इतकं सोपं करून सांगणारी पुस्तकं कमी आहेत. स्किझोफ्रेनियाचं खापर एकेकाळी आईच्या वागण्यावर फोडलं जायचं. तो समज मोडण्यात याच अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

माझं भांडण टक्केवारीशी आहे. प्लोमिन वजनाची हेरिटॅबिलिटी ७० टक्के सांगतात. म्हणजे तुमच्या ७० किलोंपैकी ४९ किलो जनुकांनी दिले का? तर नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच. अमुक लोकसमूहात, आजच्या परिस्थितीत, लोकांच्या वजनांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. उद्या सगळ्यांना सारखंच जेवण मिळालं, तर परिस्थितीतला फरक कमी होईल आणि हेरिटॅबिलिटी वाढेल. जनुकं मात्र तीच!

आता एक जुना प्रयोग बघा. कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हिसी या तिघांनी यॅरो नावाच्या रानटी झाडाचे तुकडे करून एकाच झाडाची रोपं तीन ठिकाणी लावली: समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मीटर, १४०० मीटर आणि ३०५० मीटर उंचीवर. त्यांचा अहवाल १९४८ साली आला. जनुकं तंतोतंत तीच असूनही झाडाची उंची जागेप्रमाणे बदलली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाडांचा क्रमही बदलला. एका जागी वरचढ ठरलेलं झाड दुसऱ्या जागी मागे पडू शकतं. मग ‘उंच जनुकांचं झाड’ कोणतं? जागा सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

हे प्लोमिन यांना माहीत नाही असं अजिबात नाही. हेरिटॅबिलिटी ‘आज काय आहे’ ते सांगते, ‘काय होऊ शकेल’ ते नाही, हे ते स्वतःच लिहितात. पण पुढे डीएनएला भविष्य सांगणारं यंत्र म्हणताना ही अट मागे राहून जाते. पुस्तकाचं नावच घ्या ना. ब्लूप्रिंट म्हणजे घर बांधण्याआधीचा आराखडा. आराखड्यात खोल्या ठरलेल्या असतात. यॅरोची उंची तशी ठरलेली नव्हती.

त्यांचा सगळा भरवसा पॉलिजेनिक स्कोअरवर आहे. २०१८ च्याच एका अभ्यासात सुमारे ११ लाख लोकांच्या माहितीवरून शिक्षणाचा असा स्कोअर काढला गेला. कोण किती वर्षं शिकलं, यातला ११ ते १३ टक्के फरक त्यातून समजला. त्याच वर्षी आइसलँडमधल्या अभ्यासात दिसलं की आईवडिलांनी मुलाला न दिलेल्या जनुकांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध असतो, आणि तो दिलेल्या जनुकांच्या सुमारे ३० टक्के भरतो. मुलाकडे नसलेलं जनुक काम करणार कसं? आईवडिलांनी उभ्या केलेल्या घरातून. म्हणजे ज्याला आपण मुलाच्या जनुकांचा हिशोब समजतो, त्यात घरही मिसळलेलं असतं.

शिवाय ते ११ लाख लोक युरोपीय वंशाचे होते. नाशिकच्या एखाद्या मुलीचा स्कोअर त्यावरून काढून तिची शाखा ठरवायला कोणी निघालं, तर तो आकडा तिच्याबद्दल फारच कच्चा असेल. आणि घरच्यांना तो दगडावरची रेघ वाटेल, ही मला खरी भीती वाटते.

पुस्तक जरूर वाचा, जुळ्यांची प्रकरणं तर नक्कीच. फक्त टक्केवारी आली की थांबून विचारा: कुठल्या लोकांत? कुठल्या परिस्थितीत? पुस्तकात पुढच्या पानावर उत्तर नसेल, तर तो आकडा तुमच्या मुलाला लावू नका.