मोअज्जम जाही मार्केट: दगड उजळला, बाजाराचं काय?

जामबागेकडून चौकात आलं की मोअज्जम जाही मार्केट आज देखणं दिसतं, यात वाद नाही. ग्रॅनाइटवर चढवलेला रंग उतरवला, मधल्या चौकातल्या वेड्यावाकड्या शेड काढल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये दुरुस्त केलेली इमारत लोकांसाठी खुली झाली. पाडून कॉम्प्लेक्स बांधायची सवय असलेल्या शहरात एवढं होणंही थोडं नाही. दगडाच्या कामाला मी चांगले गुण देईन. माझी तक्रार आहे ती ‘जुन्या शहराला नवं जीवन’ या भाषेबद्दल.

मुळात हे मार्केट कशासाठी झालं ते बघू. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर शहराची नव्याने आखणी करायला १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड नेमलं गेलं. निजामांचे दुसरे चिरंजीव मोअज्जम जाह पुढे त्याचे प्रमुख होते, आणि १९३५ च्या या मार्केटला त्यांचंच नाव मिळालं. याच बोर्डाने पत्थरगट्टीला कमानींखाली दुकानं आणि वर माडी अशी रांग उभी केली. आज बिल्डर ज्याला ‘मिक्स्ड यूज’ म्हणून विकतात, ते इथे तेव्हाच दगडात बांधून झालं होतं. मोअज्जम जाही मार्केटात वर बिऱ्हाडं नव्हती. इथली सरमिसळ धंद्यांची होती, आणि ती भिंतीच्या आत थांबत नव्हती.

फळं, विड्याची पानं, अत्तर, सुकामेवा, हुक्के, बंदुकांची दुकानं हे सगळं मार्केटात नाहीतर त्याच्या कडेला. शेजारी जामबागेत फुलबाजार. घरात लग्न निघालं की एका फेरीत निम्मी यादी उरकायची. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारावरून जायचं, म्हणून दोघंही टिकायचे. इथलं हाताने फिरवलेलं सीताफळाचं, आंब्याचं आइस्क्रीम शहरभर नावाजलेलं. फळबाजाराच्या कुशीत ते रुजावं यात नवल काय? (जामबागेच्या नावातच फळ आहे. हैदराबादी उर्दूत जाम म्हणजे पेरू; मराठवाड्याच्या माणसाला ‘जांब’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.)

मग घाऊक फळबाजार गड्डीअन्नारमला गेला, फुलबाजार गुडीमलकापूरला. वाहतुकीची कोंडी खरी होती. पहाटे ट्रक त्या रस्त्यात शिरले की माणसाला चालणं मुश्किल व्हायचं. पण घाऊक बाजार हलवताना किरकोळ फुलवाल्यांसाठी, हारवाल्यांसाठी मार्केटात जागा राखून ठेवता आली नसती का? तसं झालं असतं तर २०२० मध्ये उजळलेल्या कमानींखाली सकाळी सहाला गजबज दिसली असती. आता रौनक संध्याकाळची: दिवे, फोटो, चौकातले कार्यक्रम, हातात आइस्क्रीमचा कप. वाईट काही नाही त्यात. फक्त त्याला बाजार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरी उणीव अशी की काम मार्केटच्या कुंपणाशी संपतं. थोड्याच अंतरावर कोठीची ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. तिचा जीर्णोद्धार वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने झाला. जवळच सुलतान बझारचं मेट्रो स्टेशन, फेब्रुवारी २०२० पासून सुरू. तिन्ही कामं एकाच भागातली, पण ती एकत्र बसून आखल्यासारखी वाटत नाहीत. मेट्रोतून उतरलेला पाहुणा रेसिडेन्सी बघून जामबागेच्या गल्ल्यांतून पायी मार्केटला यावा, असा विचार मला तरी कुठे दिसत नाही.

आणि त्या गल्ल्यांत काय काय आहे! १९०७ ची विवेकवर्धिनी, केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभी केलेली. सुलतान बझारात १९०१ चं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम. १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली होती. तिथे एक वक्ते तेलुगूत बोलायला उठले तर त्यांची हुर्यो उडवली गेली. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मला. आपण मराठी मंडळी विवेकवर्धिनीचा अभिमान सांगतो तेव्हा हा प्रसंग बहुधा गाळतो. तो गाळू नये. या भागात भाषाही अशाच एकमेकींच्या शेजारी होत्या, खेटत, भांडत. दिव्यांच्या झोतात फक्त घड्याळाचा मनोरा आला तर हे सगळं अंधारातच राहणार.

आपल्या मंडळाला एक काम करता येईल. मार्केटच्या प्रत्येक गाळ्याची नोंद घ्यायची: धंदा कोणता, किती पिढ्यांचा, दुरुस्तीच्या आधी तिथे काय होतं, आता काय आहे. अत्तरवाले आणि पानवाले आधी घ्या. सकाळी जा, संध्याकाळी गर्दीत कुणाला बोलायला सवड नसते.