हलकी पडताळणी आणि जड नोंद : ब्लॉकचेनवरील प्रमाणपत्रांचा चिकित्सक विचार

गोषवारा

दस्तऐवजाची प्रत खरी की बनावट हे कोणालाही, कोठेही आणि अल्प साधनांनिशी ठरविता यावे या हेतूने ब्लॉकचेनच्या काही रचना विकसित झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या रचनांचा तांत्रिक पाया, शैक्षणिक व जातीच्या प्रमाणपत्रांसाठी झालेला त्यांचा उपयोग आणि त्यांच्या मर्यादा यांची समीक्षा केली आहे. या रचना नोंदीचा ताळा उत्तम देतात. नोंदीची शहानिशा मात्र त्यांच्याकडून होत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ब्लॉकचेन, मर्कल वृक्ष, पडताळणी, प्रमाणपत्र, अभिलेख

प्रस्तावना

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयात गुणपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले आणि जातीची प्रमाणपत्रे यांचे गठ्ठे साचतात. प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढे पाहण्यासाठीही मंडळाशी किंवा विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि उत्तर येईपर्यंत विद्यार्थ्याचा प्रवेश तात्पुरता राहतो. ही अडचण आजची नाही. प्राचीन काळी दानपत्राचे तांब्याचे पत्रे कडीत ओवून कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवीत असत. मधला पत्रा काढता येऊ नये व नवा घालता येऊ नये, हा त्यामागील एक हेतू होता. तरीही बनावट ताम्रपट निर्माण झालेच आणि ते ओळखणे हा पुराभिलेखविद्येचा एक महत्त्वाचा भाग ठरला. मुद्रेने पत्रे एकत्र राहतात. पत्र्यावर काय कोरले गेले याची जबाबदारी मुद्रा घेत नाही. ब्लॉकचेनविषयीच्या चर्चेत नेमका हाच भेद वारंवार नजरेआड होतो. म्हणून प्रथम या तंत्राचा पाया पाहणे आवश्यक आहे.

तांत्रिक पाया

ब्लॉकचेनचा उगम २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनविषयक निबंधात मानला जातो. परंतु त्या नऊ पानी निबंधाच्या आठ संदर्भांपैकी तीन स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या लेखनाचे आहेत, ही बाब लक्षणीय आहे. या दोघांनी १९९१ साली ‘जर्नल ऑफ क्रिप्टॉलॉजी’त मांडलेला प्रश्न पैशाचा नव्हता, दस्तऐवजाचा होता. संगणकावरील मजकुरावर मागील तारीख घालता येऊ नये आणि त्यासाठी तारखेचा शिक्का मारणाऱ्या संस्थेवरही विश्वास ठेवावा लागू नये, अशी व्यवस्था त्यांना हवी होती. त्यांनी सुचविलेला उपाय असा : प्रत्येक मजकुराचा ‘हॅश’ म्हणजे ठरावीक लांबीचा अंकीय ठसा काढावा आणि प्रत्येक नव्या शिक्क्यात आधीच्या शिक्क्याचा ठसा गुंफावा. मधली एक कडी बदलली की पुढील सर्व कड्या विसंगत ठरतात. याच तत्त्वावर उभ्या राहिलेल्या त्यांच्या व्यवसायाने १९९५ पासून असा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्राच्या घरोघरी गेलेल्या प्रती कोणालाही परत गोळा करून बदलता येत नाहीत, हे त्या व्यवस्थेचे बळ होते.

या ठशांना सुटसुटीतपणा आला तो राल्फ मर्कल यांच्या वृक्षरचनेमुळे. या रचनेत दोन-दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा, अशा जोड्यांचा पुन्हा एक, असे करीत शेवटी एकच मूळ-ठसा उरतो. समजा, ६५,५३६ प्रमाणपत्रांचा असा वृक्ष केला. त्यातील एका प्रमाणपत्राचे स्थान सिद्ध करण्यास उर्वरित सर्व प्रमाणपत्रे लागत नाहीत. वाटेवरील केवळ १६ ठसे पुरतात. प्रत्येक ठसा ३२ बाइटचा धरल्यास हा पुरावा ५१२ बाइटचा होतो. विद्यार्थी तो मोबाइलमध्ये बाळगू शकतो आणि तपासणाऱ्याला त्याखेरीज फक्त मूळ-ठसा ठाऊक असावा लागतो. हलक्या आणि सोबत नेण्याजोग्या पडताळणीचे सारे सामर्थ्य या साध्या हिशेबात आहे.

हलकेपणाची किंमत

नाकामोतो यांच्या निबंधाच्या आठव्या विभागात हाच हिशेब व्यवहारांना लावलेला आहे. संपूर्ण साखळी न बाळगता केवळ प्रत्येक खंडाचा ८० बाइटचा मथळा जवळ ठेवावा आणि व्यवहार त्या खंडात आहे एवढे मर्कल वृक्षाने तपासावे, अशी ती योजना आहे. वर्षभराचे मथळे सुमारे ४.२ मेगाबाइटमध्ये मावतात. बिटकॉइनची संपूर्ण साखळी २०२५ पर्यंत सहाशे गिगाबाइटच्या पुढे गेली होती, हे पाहता ही बचत प्रचंड आहे. मात्र अशा पद्धतीने तपासणारा संगणक व्यवहार वैध आहे की नाही हे स्वतः पाहत नाही. इतरांनी तो स्वीकारला, एवढेच पाहतो. जाळ्यावर प्रामाणिक घटकांचे वर्चस्व असेपर्यंतच ही पडताळणी भरवशाची आहे, अशी कबुली त्या निबंधातच दिलेली आहे.

मार्च २०२१ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘मिना’ या ब्लॉकचेनने पुढचे पाऊल टाकले. तिच्यात शून्य-ज्ञान सिद्धतेचा आवर्ती उपयोग केलेला आहे. प्रत्येक नवी सिद्धता ‘आधीची सिद्धता बरोबर होती आणि त्यानंतरचा बदलही नियमानुसार आहे’ एवढे एकत्रितपणे सिद्ध करते. त्यामुळे साखळी कितीही वाढली तरी तपासणीसाठी लागणारी सामग्री सुमारे २२ किलोबाइटच राहते, असा तिच्या निर्मात्यांचा दावा आहे. गणिती दृष्टीने ही कामगिरी असामान्य आहे. येथे इतरांनी व्यवहार स्वीकारला यावर विसंबावे लागत नाही; नियम पाळले गेले याचीच सिद्धता हाती येते.

तथापि या २२ किलोबाइटमध्ये इतिहास साठविलेला नसतो. त्यात असते ती इतिहास नियमांनुसार घडल्याची खात्री. जुन्या व्यवहाराचा तपशील पाहावयाचा असल्यास तो स्वतंत्रपणे जपणाऱ्या अभिलेख-संगणकांकडेच जावे लागते. शिवाय सिद्धता तपासणे सोपे असले तरी ती तयार करणे बरेच अधिक खर्चाचे असते. म्हणजेच ओझे नाहीसे झालेले नाही. ते तपासणाऱ्याच्या खांद्यावरून नोंद करणाऱ्याच्या आणि जपणाऱ्याच्या खांद्यावर गेले आहे. दप्तरखान्याची जागा पावती घेऊ शकत नाही, हे अभिलेखशास्त्राचे जुने सूत्र येथेही लागू पडते.

शैक्षणिक प्रमाणपत्रांचा अनुभव

शैक्षणिक क्षेत्रात सायप्रसमधील निकोसिया विद्यापीठाने २०१४ मध्ये या तंत्राचा उपयोग आरंभिला. पुढे अमेरिकेतील एम.आय.टी.ने २०१७ मध्ये १११ पदवीधरांना मोबाइलवर बाळगता येतील अशी पदवी-प्रमाणपत्रे दिली. त्यासाठी वापरलेल्या ‘ब्लॉकसर्ट्‌स’ या खुल्या मानकात प्रमाणपत्र विद्यार्थ्याजवळ राहते आणि साखळीवर फक्त मर्कल वृक्षाचा मूळ-ठसा नोंदविला जातो. प्रमाणपत्र खरे आहे का, हे पाहण्यासाठी भावी नियोक्त्याला विद्यापीठाला पत्र लिहावे लागू नये, असा त्यामागील विचार आहे.

हा विचार स्तुत्य आहे, पण तो पूर्णत्वास गेलेला नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था कोण, तिची कळ कोणती आणि कोणती प्रमाणपत्रे नंतर रद्द झाली, ही माहिती या मानकाच्या मूळ योजनेत संस्थेच्याच संकेतस्थळावरून घेतली जाते. संकेतस्थळ बंद पडले तर पडताळणी अपुरी राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रद्द प्रमाणपत्रांची यादी संस्थेच्या हाती असल्याने ज्या संस्थेवर विसंबावे लागू नये म्हणून खटाटोप केला, तिच्याकडेच अखेरचा शब्द राहतो.

येथे असा प्रश्न उपस्थित होतो की, देणाऱ्या संस्थेवर विश्वासच ठेवावयाचा असेल तर ब्लॉकचेनची आवश्यकता काय? भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली. २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू झाले आणि २०१७ च्या नियमदुरुस्तीने त्यातून निर्गमित होणारे दस्तऐवज मूळ प्रतीच्या बरोबरीचे ठरले. प्रत खरी आहे एवढेच पाहावयाचे असेल तर ही व्यवस्था पुरेशी आहे. ब्लॉकचेनचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. नोंद ठेवणाऱ्यानेच मागाहून नोंद बदलली, गुण वाढविले किंवा मागील तारखेचे प्रमाणपत्र दिले, तर ते उघडकीस आणण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. हेबर व स्टॉर्नेटा यांचा मूळ प्रश्न हाच होता. बाहेरच्या बनावटखोरापेक्षा आतल्या फेरफारावर हे औषध अधिक लागू पडते. या कारणासाठी ते स्वीकारण्यास किती संस्था तयार होतील, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे.

ताळा आणि शहानिशा

महाराष्ट्रात २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीची प्रमाणपत्रे इथेरियमशी संलग्न ‘पॉलिगॉन’ या साखळीच्या आधारे पडताळण्याजोगी करण्याचा उपक्रम जाहीर झाला. दुर्गम भागातील विद्यार्थ्याला मोबाइलवरील एका चिन्हाच्या साहाय्याने आपले प्रमाणपत्र खरे असल्याचे कोठेही दाखविता यावे, हा हेतू निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु या उदाहरणात ‘पडताळणी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात.

संगणकशास्त्रात पडताळणी म्हणजे हातातील प्रत आणि साखळीवरील ठसा यांचा मेळ. गणितात ज्याला ताळा म्हणतात तो हा. महाराष्ट्रात जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी मात्र २००० च्या अधिनियमानुसार स्थापन झालेली समिती करते आणि तिचा विषय प्रत नसून वस्तुस्थिती असतो. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशा मानीव दिनांकांपूर्वीचे पुरावे, वडील-आजोबांच्या शाळेतील प्रवेशनोंदी, महसुली उतारे, प्रसंगी दक्षता पथकाची गृहचौकशी यांतून ती निर्णयास येते. ही शहानिशा होय. ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत गेली त्या घराकडे जुनी नोंद नसते. असलीच तर लेखनिकाने आडनाव वा जमातीचे नाव चुकीचे लिहिलेले असू शकते. अशा कुटुंबाची अडचण प्रतीची नसून मुळातील नोंदीची आहे. चुकीची नोंद साखळीवर गेली तर ती खरी होत नाही, फक्त अढळ होते.

याउलट दिशेनेही अन्याय संभवतो. हॅशचा गुण असा की एक बाइट बदलला तरी ठसा पूर्णतः बदलतो. संदेशातून पाठविताना प्रतिमा लहान झाली किंवा दस्तऐवज पुन्हा जतन केला, तर आशय तोच असूनही उत्तर ‘जुळत नाही’ असे येते. कार्यालयातील लेखनिकाने त्याचा अर्थ ‘बनावट’ असा घेतल्यास प्रामाणिक विद्यार्थी संशयित ठरेल. ताळा न जुळणे हा चौकशीचा आरंभ आहे, निर्णय नव्हे.

खासगीपणाचाही विचार आवश्यक आहे. साखळीवर केवळ ठसा असल्याने माहिती गुप्त राहते, हे नेहमीच खरे नसते. आसनक्रमांक आणि गुण यांसारख्या मोजक्या शक्यतांच्या माहितीचा ठसा सर्व शक्यता आजमावून ओळखता येतो. ठसा काढण्यापूर्वी तीत यादृच्छिक अंक मिसळणे म्हणूनच अनिवार्य आहे. जातीसारख्या संवेदनशील माहितीत या बाबतीतील हयगय कायमची ठरेल, कारण साखळीवरून काहीही पुसता येत नाही. वैयक्तिक माहिती दुरुस्त करून व पुसून घेण्याचा हक्क मान्य करणारा कायदा भारताने २०२३ मध्ये संमत केला आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

समारोप

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या अनुसूचीतील प्रमाणपत्रात विद्युतीय अभिलेखाचा हॅश नमूद करावा लागतो. हे प्रमाणपत्र १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणजे अंकीय ठसा आता न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचला आहे आणि शैक्षणिक संस्थांनाही तो टाळता येणार नाही. वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. हलक्या पडताळणीने तपासणाऱ्याचा वेळ व खर्च वाचतो. मूळ दप्तर जपण्याची जबाबदारी मात्र वाढते. दुरुस्ती जुनी नोंद खोडून न करता नवी नोंद जोडून करावी आणि दोन्ही नोंदी एकत्र दिसाव्यात. रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादीही त्याच साखळीने बांधलेली असावी, अन्यथा संस्थेवरील अंकुश नाममात्र राहतो. ‘जुळत नाही’ या उत्तरावर विद्यार्थ्याला दाद मागता येईल असा माणूस कार्यालयात असला पाहिजे.

पाचशे बाइटचा पुरावा खिशात घालून विद्यार्थी कोठेही जाऊ शकेल, ही सोय मोठी आहे. पण त्या पुराव्याची योग्यता तो जिच्यावर आधारलेला आहे त्या पहिल्या नोंदीइतकीच असते आणि ती नोंद आजही शाळेच्या किंवा तहसील कार्यालयाच्या टेबलावर माणसाच्याच हातून होते. तंत्रज्ञानावरील खर्चाचा काही भाग त्या टेबलाकडे वळविल्याशिवाय पडताळणी हलकी होईल, खात्रीशीर होणार नाही.