मंडळी आणि इमारत

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या मराठीत 'मंडळी' हा शब्द माणसांना लागतो. इमारतीला देऊळ किंवा चर्च म्हणतात. भाषेनेच हा भेद करून ठेवला असताना खेड्यांतल्या मंडळींचे इतिहास मात्र इमारतींचेच होऊन बसतात. वर्धापनाच्या स्मरणिका चाळल्या, की कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आली, कोणते साहेब केव्हा आले नि केव्हा गेले, हे सनावळीसह सापडते. त्या छपराखाली बसणारी माणसे तेवढी सापडत नाहीत.

दोष एकट्या स्मरणिकाकारांचा नाही. आम्हां साहित्यिकांची नजरही तशीच आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हटले, की बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' एवढ्यावर आपण थांबतो. पदमनजी आणि टिळक वाचून, वाद घालून, एकेकटे ख्रिस्ताकडे गेले. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले, वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यानंतर या मुलखांतल्या खेड्यांत ज्या मंडळी उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांच्या. गावच्या देवळाची पायरी त्यांना बंद होती. अनेक खेड्यांत एकच खोली आठवडाभर शाळा असे आणि रविवारी देऊळ. मास्तर आणि उपदेशकही बहुधा एकच.

१९३४ पासून भागाभागांनी निघालेले 'स्मृतिचित्रे' हे मला मराठीतील अत्यंत प्रामाणिक पुस्तकांपैकी एक वाटते. सोवळे कसे गळून पडले, हे लक्ष्मीबाई ज्या निर्भयपणे सांगतात, तसे फार थोड्यांना साधले आहे. परंतु त्या पाहतात ते आपल्या घराच्या उंबरठ्यावरून. खेड्यातला ख्रिस्ती माणूस तेथे येतो, जेवतो, आजारी पडतो. तो स्वतःची हकीकत सांगत नाही. हा लक्ष्मीबाईंचा उणेपणा मुळीच नव्हे. एका घरच्या हकीकतीला साऱ्या मंडळीचा इतिहास समजणे, ही आपली सोय आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. आमचे विटे त्या काळी सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मंडळी भिंतींनी होत नाही, हा विचार आमच्या या मुलखातच कोणी करून पाहिला होता. १९१९ मध्ये टिळक गेले.

मी शिक्षक आहे. मला हजेरीपटाची किंमत कळते. यापुढे ज्याला खेड्यातल्या चर्चचा इतिहास लिहावयाचा असेल, त्याने कोनशिलेपाशी उभे न राहता आधी बाप्तिस्म्याची वही आणि शाळेचा पट मागावा. नावे तेथे आहेत. त्यांच्या नातवंडांशी बोलावे, आणि त्यांना जमेल तर लेखणी त्यांच्याच हाती द्यावी. इमारतीचे चार परिच्छेद मग शेवटी आले तरी चालतील.