नोंद आणि बोभाटा : शीना बोरा प्रकरणातील भाषाव्यवहाराचे परीक्षण

मुंबई-गोवा महामार्ग पेण ओलांडून वडखळ नाक्यावर येतो आणि तेथे त्याला अलिबागची वाट फुटते. पेणच्या पोलीस ठाण्यातून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे कोणी कागद घेऊन निघाला, तर त्याला याच नाक्यावरून वळावे लागते. आणि मुंबईची वार्ता कोकणात उतरते तीही बहुधा याच वाटेने. कागद आणि वार्ता हे समाजाच्या स्मृतीचे दोन वाहक होत. पहिला मोजके बोलतो आणि दीर्घकाळ टिकतो. दुसरी पुष्कळ बोलते आणि लवकर विरते. याच तालुक्याशी निगडित असलेल्या शीना बोरा प्रकरणात 2012 साली कागद निघालाच नाही, आणि 2015 साली वार्ता मात्र उदंड निघाली. हे दोन दोष परस्परविरुद्ध भासतात. वस्तुतः ते एकाच दोषाची दोन रूपे आहेत, हे त्या प्रकरणातील भाषाव्यवहाराच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनाक्रम संक्षेपाने ध्यानात घेणे अवश्य आहे. मुंबईत नोकरी करणारी शीना बोरा ही तरुणी 24 एप्रिल 2012 नंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाही. ती शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्याचे सांगण्यात आले, असे अभियोगपक्षाचे म्हणणे आहे. बेपत्ता व्यक्ती म्हणून तिची रीतसर नोंद झाली नाही. त्यानंतर सुमारे महिन्याने, 23 मे 2012 रोजी, पेण तालुक्यात, विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून परिचित असलेल्या गागोद्याच्या परिसरातील रानात, एका मृतदेहाचे जळालेले अवशेष आढळले. पोलिसांनी पंचनामा केला, काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे पाठविले आणि उरलेले तेथेच पुरले. मात्र खुनाचा गुन्हा अथवा अकस्मात मृत्यू, या दोहोंपैकी कोणत्याही सदराखाली नोंद झाली नाही. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबई पोलिसांनी शीनाची आई इंद्राणी मुखर्जी यांना अटक केली. 28 ऑगस्ट रोजी गागोद्याची जमीन पुन्हा खणण्यात आली. सप्टेंबरअखेर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. खटला 2017 मध्ये उभा राहिला. इंद्राणी मुखर्जी यांनी आरोप नाकारले असून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मे 2022 मध्ये जामीन दिला. दोष कोणाचा हा प्रश्न न्यायालयाचा आहे. येथे केवळ शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पोलीस दप्तरात हरवलेल्या माणसासाठी एक परिभाषा रूढ आहे. 'मनुष्य मिसिंग' हे तिचे नाव. तिच्यातील वर्णनाचा साचा कोणत्याही ठाण्याच्या फलकावर वाचावयास मिळतो : वय, उंची, रंग, बांधा, केस, अंगावरील वस्त्रे, बोलण्याची भाषा. या साच्याच्या प्रारंभी बहुधा एक वाक्य असते, 'राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेली'. हे वाक्य निरुपद्रवी दिसते; परंतु त्याचे व्याकरण पाहिले असता त्यात एक निष्कर्ष दडलेला आढळतो. 'निघून जाणे' या क्रियेला कर्त्याची इच्छा गृहीत आहे. जी दिसेनाशी झाली तिला या वाक्याने कर्तृपद दिले, आणि तपासास आरंभ होण्यापूर्वीच ती आपल्या पायांनी गेली असे ठरवून टाकले.

या दृष्टीने मराठीतील इतर शब्द अधिक सावध आहेत. 'हरवणे' या क्रियापदात हरवलेल्याची इच्छा नाही. उलट, ज्याचे हरवले त्याचे दुःख आहे, आणि 'सापडणे' या प्रतियोगी क्रियेची अपेक्षाही आहे. 'बेपत्ता' हा शब्द फारसी नकारार्थक 'बे' आणि 'पत्ता' यांच्या योगाने सिद्ध झाला. तो केवळ आजची स्थिती सांगतो. कारण सांगत नाही, की दोष देत नाही. प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने घर सोडू शकते, आणि तसे करण्याचा तिला अधिकारही आहे. म्हणून 'निघून गेली' हे कित्येक वेळा खरे असते. तथापि ते तपासाअंती लिहावयाचे वाक्य आहे, प्रारंभी लिहावयाचे नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी हा क्रम उलटविला : बालक हरवल्याची तक्रार आली की अपहरण अथवा अवैध वाहतूक गृहीत धरूनच प्रथम खबर नोंदवावी, असा आदेश दिला. प्रौढांच्या बाबतीत भाषेचा जुना साचा तसाच राहिला.

याच दप्तरातील दुसरा शब्द 'अनोळखी'. अनोळखी प्रेत आढळले असता त्याची नोंद अकस्मात मृत्यूच्या सदरात व्हावयास हवी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 व्या कलमाने 2012 साली हेच सांगितले होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे 194 वे कलमही हेच सांगते. 'बेपत्ता' आणि 'अनोळखी' हे शब्द एकत्र ठेवून पाहिले म्हणजे त्यांचे नाते स्पष्ट होते. बेपत्ता माणसाला नाव असते, देह नसतो. अनोळखी प्रेताला देह असतो, नाव नसते. एका नोंदवहीतील नाव दुसऱ्या नोंदवहीतील देहाला लावून पाहणे, हाच अशा तपासाचा पाया होय. अभियोगपक्षाचे म्हणणे खरे धरल्यास, या प्रकरणात नाव मुंबईत राहिले आणि देह पेणच्या रानात राहिला; आणि दोन्ही ठिकाणी नोंदीची जागा कोरी असल्यामुळे तीन वर्षे या दोहोंची गाठ पडण्याचा संभवच उरला नाही. गागोद्याच्या ग्रामस्थांनी आपले कर्तव्य केले होते. वर्दी दिली होती. बोललेला शब्द होता, लिहिलेला नव्हता.

आता वृत्तपत्रे व दूरचित्रवाहिन्या यांच्या भाषेकडे वळावयाचे. 2015 च्या ऑगस्टअखेरीस जे सुरू झाले त्याला 'शीना बोरा हत्याकांड' असे नाव पडले. 'कांड' हा शब्द ग्रंथाच्या विभागाचा. 'हत्याकांड' हा समास मराठीत जालियनवाला बागेसारख्या सामूहिक संहारासाठी रूढ झाला. एका व्यक्तीच्या मृत्यूस तो लावल्याने शोकाचे गांभीर्य वाढले नाही. वाढले ते कथेचे आकारमान. कांड म्हटले की त्यात पात्रे आली, प्रवेश आले, उत्कंठा आली. 'प्रकरण' हा साधा शब्द हाताशी असताना तो अपुरा वाटला, यातच त्या लेखनाची वृत्ती प्रकट होते.

दुसरे लक्षण याहून सूक्ष्म आहे. मराठी बोलीत ऐकीव गोष्ट सांगताना वक्ता वाक्याच्या शेवटी 'म्हणे' हा शब्द जोडतो. 'ती परदेशी गेली म्हणे' असे बोलणारा आपण हे पाहिले नाही, याची कबुली देत असतो. हा लहानसा शब्द सत्य आणि श्रुत यांच्यामधला उंबरठा आहे. प्रमाण लेखनात त्याची जागा 'असे समजते', 'असे सूत्रांकडून कळते' या रचनांनी घेतली. वरवर पाहता अर्थ तोच. परंतु 'म्हणे' शंका सुचवितो, तर 'समजते' ज्ञान सुचविते. सांगणारा दिसेनासा होतो आणि सांगितलेले मात्र ठाम होऊन बसते. मथळ्यात तर तेवढाही आडोसा राहत नाही. पोलीस कोठडीतील कथित जबाब 'कबुली' या नावाने छापले जातात. वस्तुतः पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध पुराव्यात घेता येत नाही, हे भारतीय पुरावा अधिनियमाच्या 25 व्या कलमाने 1872 पासून ठरलेले होते, आणि नव्या साक्ष अधिनियमानेही तो नियम राखला आहे. न्यायालय जो शब्द कानांआड करते, तोच चौकात मोठ्याने वाचला जातो.

तिसरे लक्षण नातेवाचक शब्दांचे. जिला धाकटी बहीण म्हणून ओळख करून देण्यात आली होती ती मुलगी होती, ही बाब तपासाशी संबद्ध होती. तिचा उल्लेख अपरिहार्य होता. पण लेखन तेथे थांबले नाही. कुटुंबातील विवाह, घटस्फोट, सावत्र संबंध यांचे तक्ते छापले गेले. 'पोटची', 'सावत्र', 'आधीच्या पतीपासूनची' अशा विशेषणांची रास पडली. आणि ज्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता असे नातेवाईकही त्या तक्त्यांत बसविले गेले. नातेवाचक शब्द हे घरातील हाका असतात. त्या आकृतीतील खुणा बनल्या म्हणजे माणसे नाहीशी होतात आणि केवळ कोडे उरते.

येथे वृत्तपत्रांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पेणमध्ये 2012 साली नोंद का झाली नाही, हा प्रश्न त्यांनी धसास लावला आणि त्याची चौकशीही लागली. ही खरी लोकसेवा होय. परंतु त्या प्रश्नासाठी कोणाच्याही वैवाहिक इतिहासाची गरज पडली नव्हती, ही गोष्ट तितकीच बोलकी आहे. जो प्रश्न सार्वजनिक होता तो थोड्या शब्दांत मावला. जे खाजगी होते त्याला पाने पुरली नाहीत.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. कुटुंबाचे खाजगीपण हाच येथे पडदा ठरला नाही काय? घरच्यांनी 'ती परदेशी आहे' म्हणावे आणि इतरांनी 'हा त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून गप्प बसावे, यातूनच तीन वर्षे गेली असतील, तर खाजगीपणाचा कैवार घेणे धोक्याचे नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर 'खाजगी' या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. एक अर्थ : जे कोणीही विचारू नये. दुसरा : जे विचारले तरी चव्हाट्यावर मांडू नये. हरवलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला अर्थ टिकू शकत नाही. पोलिसांनी घरातील प्रत्येक प्रश्न विचारलाच पाहिजे. टिकावयाचा तो दुसरा अर्थ. शिवाय 'कुटुंब' हा समूहवाचक शब्द एकवचनी असल्यामुळे त्याचे हितही एकच असल्याचा भास होतो. जी व्यक्ती हरवली तीही त्या कुटुंबाची घटक असते, आणि तिचे हित बोलणाऱ्यांच्या हिताहून वेगळे असू शकते. कुटुंबाच्या वतीने जो बोलतो तो तिच्या वतीने बोलतोच असे नाही. तिच्या वतीने बोलावयाची जबाबदारी म्हणूनच नोंदवहीची आहे.

न्यायालयांनी हा भेद वेळोवेळी सांगितला आहे. 1994 च्या राजगोपाल निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विवाह, मातृत्व, कुटुंब या बाबी नागरिकाच्या संमतीवाचून छापण्यास मर्यादा घातली, व त्याच वेळी सार्वजनिक अभिलेखाचा अपवादही मान्य केला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. पोलिसांनी वार्ताहरांशी कसे बोलावे याविषयी केंद्रीय गृह मंत्रालयाने 1 एप्रिल 2010 रोजी सूचना दिल्या होत्या. म्हणजे 2015 चा गदारोळ झाला तो नियमाच्या अभावी नव्हे. पुढे 18 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांकडून चालणाऱ्या समांतर खटल्यांवर सविस्तर निर्णय दिला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या वार्तालापासाठी नवी नियमावली करण्यास गृह मंत्रालयाला सांगितले. नियम वाढत आहेत. साचे मात्र बदललेले दिसत नाहीत.

तेव्हा कसोटी साधी असावयास हवी. हरवलेल्या माणसाविषयी छापावयाच्या प्रत्येक शब्दास विचारावे : याने ती सापडण्यास साहाय्य होते काय? उंची, वस्त्रे, दातांची ठेवण, शेवटचे दिसल्याचे ठिकाण हे शब्द या कसोटीस उतरतात. आईचे विवाह किती, भावंडे कोणाची, हे उतरत नाहीत. या प्रकरणाची विपरीतता अशी की, जे शब्द 2012 मध्ये छापले असते तर उपयोगी पडले असते ते छापले गेले नाहीत. आणि 2015 मध्ये जे छापले गेले ते कोणालाही शोधण्यास उपयोगी पडणारे नव्हते.

या विपरीततेचा शेवटचा अंक जून 2024 मध्ये दिसून आला. पेण येथे 2012 साली मिळालेले अवशेष सापडत नाहीत, असे अभियोगपक्षाने न्यायालयास सांगितले. पुढील महिन्यात ते केंद्रीय अन्वेषण विभागाच्या दिल्लीतील कार्यालयात असल्याचे सांगण्यात आले. जिची हरवल्याची नोंद नव्हती, तिचे म्हणून जपलेले अवशेषही काही काळ बेपत्ता झाले. याच्या चार महिने आधी, 29 फेब्रुवारी 2024 रोजी, याच प्रकरणावरील एक चित्रमालिका घरोघरी पाहता येऊ लागली होती. कथा सर्वांच्या हाती, आणि अस्थी कोणत्या फडताळात ते ठाऊक नाही, अशी ही अवस्था.

मराठीत 'नोंद' आणि 'बोभाटा' हे दोन शब्द आहेत. नोंद ठेवावयाची असते, बोभाटा करावयाचा असतो. ज्या समाजात नोंद वेळेवर ठेवली जाते तेथे बोभाट्याला फारशी जागा उरत नाही. जेथे नोंदीचे पान कोरे राहते तेथे ते भरून काढावयास बोभाटा धावून येतो, आणि त्या पानावर हरवलेल्या माणसाखेरीज इतर सर्वांची नावे लिहितो. वडखळच्या नाक्यावरून उद्या अशीच एखादी वर्दी जाईल. तिच्यातील पहिले वाक्य 'निघून गेली' असे असणार की 'बेपत्ता आहे, शोध चालू आहे' असे, एवढ्या एका निवडीवर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून राहतील.