‘लुसियाद’मधील गोवा : विजयगान आणि करुणेची मर्यादा

इ.स. १५१० या एकाच वर्षात गोव्यातील तिसवाडी बेटाचे स्वामित्व तीनदा पालटले : वर्षारंभी पोर्तुगीज, मे महिन्यात आदिलशाही, २५ नोव्हेंबरला पुन्हा पोर्तुगीज. लुईश द कामोइंश याच्या ‘लुसियाद’ (१५७२) या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात हा विजय संत कॅथरिनच्या सणाशी जोडून गायिला आहे. परंतु या स्वारीस अल्बुकर्कला प्रवृत्त करणारा तिमोजा हिंदू होता, हे ध्यानात घेता धर्मयुद्धाची ही चौकट अपुरी ठरते.

कवी मात्र स्तुती मध्येच थांबवून अल्बुकर्कला दोष देतो. पावसाळ्यात आरमार मांडवीत अडकले असता रुय दियश या तरुणास बंदिवान स्त्रीशी संबंध ठेवल्याबद्दल फाशी दिली गेली. ती शिक्षा कवीस निर्दय वाटते. सर्गातील हा सर्वांत प्रामाणिक भाग होय. तथापि ही करुणा त्या तरुणापुरतीच आहे. त्या स्त्रीला कवी हीन, काळी दासी ठरवतो. आणि बेट जिंकल्यावर झालेल्या मुस्लिम रहिवाशांच्या कत्तलीविषयी, जी अल्बुकर्कने स्वतः राजाला पत्राने कळविली होती, येथे शोक नाही. १५५३ मध्ये गोव्यात येऊन राहिलेल्या कवीकडून तो अपेक्षिणे अवाजवी नव्हे.